चिखल्याच्या समुद्राला लॅक्टोमीटर

डहाणूच्या समुद्रात पाणी घातलेलं आहे, असं मी माझ्या व्याह्यांच्या घरी, त्यांच्याच ताटातलं बोंबलाचं भुजणं खाता खाता जाहीर केलं. पुढे जे रामायण झालं ते या एका वाक्यामुळे. आमच्या सौभाग्यवतीचं म्हणणं असं की, जिथे जीभ घसरली तिथून सुरुवात करू नका. आधी कुठे गेला होतात आणि कशाला, ते सांगा. घरी परतल्यापासून ती सांगेल तसं वागायचं ठरवलं आहे, म्हणून आधी ते.

आमची अश्विनी डहाणूजवळच्या चिखले गावात दिली आहे. आम्ही पन्हाळ्याच्या पायथ्याची माणसं. लेकीला इतक्या लांब, अगदी गुजरातच्या उंबऱ्यावर दिली म्हणून भावकीने नावं ठेवली. लग्न आमच्याकडेच झालं, त्यामुळे तिचं सासर मी पाहिलेलंच नव्हतं. यंदा मे महिन्यात जायचं ठरलं आणि ऐन वेळी सौभाग्यवतीचे गुडघे रुसले. मी एकटाच निघालो. पिशवीत बेसनाचे लाडू, कांदा-लसूण चटणी आणि माझा लॅक्टोमीटर.

लॅक्टोमीटर कशाला, असं विचारू नका. गावच्या दूध डेअरीत मी उभा जन्म काढला. लॅक्टोमीटर म्हणजे काचेची एक नळी. खाली जड फुगा, वर बारीक मान आणि मानेवर आकडे. दुधात सोडली की तरंगते. दूध दाट असेल तर मान उंच काढते, पाणी घातलेलं असेल तर खाली बुडते. एवढंच. पण या एवढ्याशा नळीला आमच्या गावात लोक फौजदारापेक्षा जास्त घाबरत. निवृत्त झालो तरी ती पिशवीतून सुटली नाही. ज्या घरी जाईन तिथे चहाच्या आधी दुधात बुडवून बघतो. सौभाग्यवती म्हणते, एक दिवस लोक तुम्हालाच बुडवतील.

डहाणू रोड

स्टेशनाबाहेर एक बाई ताडगोळे सोलत बसली होती. मी पहिल्यांदाच पाहत होतो. वरचं काळं कवच कोयत्याने उडवायचं आणि आतून पांढरा, लुसलुशीत, पाण्याने भरलेला गोळा बोटाने काढायचा. "खावा काका, गार हाय," ती मला म्हणाली. शेजारच्या बाईंशी ती गुजरातीत बोलली, त्यांच्यामागच्या मुलाशी हिंदीत, आणि आपल्या सोबतिणीशी चौथ्याच कुठल्या बोलीत, जिच्यातलं मला अवाक्षर कळलं नाही. चारही भाषांत ती तितकीच गोड. आमच्याकडे भाषा एकच, आणि तीही भांडल्यासारखी. मी एकाच्या जागी चार ताडगोळे खाल्ले आणि शर्टावर पाणी सांडून घेतलं.

घ्यायला स्वतः हरेश्वरभाऊ आले होते. हे अश्विनीचे सासरे. शिडशिडीत, उन्हाने रापलेले, बोलणं कमी आणि हसणं डोळ्यांतल्या डोळ्यांत. रिक्षा गावाकडे निघाली ती मसोलीला थांबली. भाऊंनी एका दुकानातून जाड्या मिठाचं पोतं उचलून रिक्षात घातलं, माझ्या पायांवरच.

"एवढं मीठ? लोणची घालायची आहेत का?"

"नारळांना," भाऊ म्हणाले.

मला वाटलं थट्टा करताहेत. पण खरंच, इथे नारळाच्या बुंध्याशी मूठ मूठ मीठ घालतात. झाडाला मानवतं म्हणे. आमच्याकडे उसाच्या मुळाशी मीठ घातलं तर घरचे वेड्यांच्या इस्पितळात नेतील. मुलूख बदलला की झाडांचीही चव बदलते, असं म्हणून मी पाय पोत्यावर ठेवले.

चिखले

भाऊंची वाडी म्हणजे चिकूची झाडं, मध्ये नारळ, कडेला वांगी-मिरच्या, आणि अगदी खाली, समुद्राच्या बाजूला, भाताचा एक तुकडा. चिकूच्या फांद्या इतक्या खाली की उंच माणसाने वाडीत नम्रपणेच वागावं लागतं. बेडणीने, म्हणजे टोकाला जाळी बांधलेल्या लांब काठीने, चिकू उतरवायचं काम चाललं होतं. मीही हौसेने बेडणी धरली आणि पहिलाच चिकू जाळीऐवजी कपाळावर घेतला. वाडीतल्या बायका पदर तोंडाला लावून हसल्या. भाऊंनी मात्र चेहरा असा ठेवला की जणू पाहुण्याने चिकू असाच उतरवायचा असतो.

सकाळी विहीणबाई, नलिनीबाई, चहा ठेवायला निघाल्या तेव्हा अश्विनीनेच सांगून टाकलं, "आई, थांबा. आप्पांना आधी दूध तपासू द्या, नाहीतर त्यांना चहा उतरणार नाही." दूध पास झालं. नलिनीबाईंना परीक्षेत पहिला नंबर आल्यासारखा आनंद झाला आणि त्या घडीपासून माझ्या काचेच्या नळीला त्या घरात फार मान मिळू लागला. सगळा घोटाळा तिथेच झाला.

दुपारी भाऊंचा शाळासोबती काशिनाथ आला. तो किनाऱ्यावरच्या मच्छीमार वस्तीतला. पावसाळ्यासाठी होड्या वर ओढायचे दिवस होते, आणि वर्षातल्या शेवटच्या फेरीहून येताना त्याने एक कॅन भरून आणला होता. तेलाचा रिकामा, धुतलेला कॅन. त्याने तो ओट्यावर ठेवला आणि म्हणाला, "सुमनचं पाणी. आत जाऊन भरलंय, किनाऱ्याचं नाय." चहा पिऊन तो गेला.

समुद्राचं पाणी, तेही खास आतून भरून आणलेलं, हा काय प्रकार आहे, ते नलिनीबाईंनी भाताचे मोड आलेले दाणे निवडावेत तसं एकेक वाक्य निवडून मला सांगितलं. सुमनताई ही भाऊंची धाकटी बहीण. तिला तलासरीकडे, समुद्रापासून आत दिली. तिच्या आईने लग्नात तिला घरच्या लाल भाताचं बी दिलं होतं, लांब कुसळाचं. पहिल्या पेरणीच्या वेळी आईने मागोमाग समुद्राचं पाणीही पाठवलं. खाऱ्या पाण्यात बी टाकलं की पोचट दाणे वर येतात आणि भरलेले खाली बसतात. खालचे तेवढे पेरायचे. तेव्हापासून दर वर्षी पेरणीआधी माहेरचं पाणी जातं. आई गेली तरी जातं. इकडे भाऊंच्या तुकड्यात केव्हाचं दुकानातलं बियाणं आलं. गावात तो लाल भात आता कुणाकडेच नाही. आहे तो फक्त सुमनताईकडे.

"आणि यंदा तिच्याकडेपण नाय धड," भाऊ मध्येच म्हणाले. "कापणीला पाऊस लागला. उभं भात लोळलं, कणसातच मोड आले. एक टोपली वाचलीय. त्यातलं किती खरं, किती पोचट, देव जाणे. यंदा रुजलं नाय तर संपलं."

एवढं बोलून ते वाडीत निघून गेले. भाऊंच्या मानाने ते फार मोठं भाषण होतं.

मी ओट्यावर एकटाच राहिलो, आणि समोर तो कॅन, भर उन्हात. हात शिवशिवायला लागले. उभ्या आयुष्यात दूध मोजलं, ताक मोजलं, एकदा तर एका सरपंचाची लस्सी मोजली. समुद्र कधी मोजला नव्हता. उंच पेल्यात पाणी घेतलं आणि नळी सोडली. ती छान उभी राहिली. बावीस. अश्विनी विज्ञान शिकलेली, तिला विचारलं तर ती म्हणाली, "समुद्र साधारण पंचविसाच्या पुढे भरायला हवा, आप्पा. चांगल्या गाईच्या दुधाला जवळजवळ टेकतो."

म्हणजे पाणी कमी भरलं! आणि मग जेवताना ते वाक्य माझ्या तोंडून गेलं. बोंबलाचं भुजणं समोर होतं. आमच्याकडे रस्सा करायचा म्हणजे आधी घर खोकायला लागतं. इथे कांदा, बटाटा, कोथिंबीर, मिरची आणि मासा सगळं कच्चंच एकत्र कालवून झाकण ठेवतात आणि विसरून जातात. चव अशी की बोलायचं भान राहत नाही. मलाही राहिलं नाही.

"भाऊ, तुमच्या समुद्रात पाणी घातलंय बघा. बावीसच भरला."

मी थट्टेने म्हणालो. पण कुणीच हसलं नाही. नलिनीबाईंचा वाढता हात थांबला. भाऊंनी घास खाली ठेवला.

"पातळ हाय?"

"थोडं. खाडीचं मिसळलं असेल."

"काशिनाथने आतून भरलंय," भाऊ म्हणाले. आणि थोड्या वेळाने, स्वतःशीच, "बहिणीकडे पातळ पाणी कसं पाठवायचं?"

मी तीनदा सांगितलं की एवढ्याने काही बिघडत नाही. पण ज्या नळीने सकाळी नलिनीबाईंचं दूध पास केलं होतं, तिने दुपारी भाऊंचा समुद्र नापास केला होता. तिच्या शब्दापुढे माझा शब्द कोण ऐकणार? मी पान खाऊन मस्त झोपलो.

रस्त्यात

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आणि अश्विनी कॅन घेऊन निघालो. भाऊंना चिकूची गाडी भरायची होती. कॅन उचलला तर आदल्या दिवसापेक्षा जड वाटला. म्हटलं, वय झालं.

बोर्डीपर्यंत समुद्र सुरूच्या झाडांमागून सोबतीला होता, मग गाडीने त्याच्याकडे पाठ केली. पुढच्या इको गाडीत आमच्या शेजारी सायवनची एक म्हातारी बसली होती. मांडीवर करवंदांची टोपली. बाजारात आली होती आणि लेकीला भेटून परत जायची होती. तिने मला पानात करवंदं दिली आणि कॅनकडे बोट केलं.

"दारू हाय?"

"नाही हो आजी, समुद्राचं पाणी. भाताचं बी निवडायला."

"असा," ती म्हणाली. "आम्ही घरचाच मीठ घालतो पाण्यात. मग अंडा टाकायचा. अंडा वर आला का पाणी झाला."

मला गंमत वाटली. म्हणजे या मुलखात प्रत्येकाचा आपला एक लॅक्टोमीटर आहे. माझा काचेचा, आजींचा कोंबडीचा. अश्विनीने तिथल्या तिथे दुरुस्ती केली, "पण समुद्राच्या पाण्यात अंडं बुडतं, आजी. ते तेवढं दाट नसतं." आजींनी समुद्राबद्दल आपलं काही म्हणणं नाही अशा अर्थाने मान हलवली आणि झोपून गेल्या.

तलासरीच्या अलीकडे नाकाबंदी होती. दमणची बाटली घेऊन कुणी येतंय का, ते बघत होते. एका हवालदाराने आत डोकावलं आणि त्याची नजर थेट आमच्या कॅनवर.

"काका, यात काय?"

"समुद्राचं पाणी."

"कुठे नेताय?"

"तलासरीकडे. भात धुवायला."

त्याने माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी आमच्या डेअरीत 'गाय आज पाणी जास्त प्याली हो' म्हणणाऱ्याकडे पाहायचो. झाकण उघडायला लावलं, वास घेतला, बोट बुडवून चाटलं. आणि मग जो खाकरला! दोन वेळा थुंकला, बाटलीतलं पाणी प्याला, डोळे पुसले.

"एवढं खारं? हा कुठला समुद्र?"

"चिखल्याचा," अश्विनी अभिमानाने म्हणाली. पण बोलता बोलता ती जरा गडबडली, आणि खिडकीबाहेर बघू लागली. मी मात्र खूश होतो. शहरातला माणूस दिसतो, म्हटलं, याला मिठाची सवय नाही.

तलासरी

सुमनताईंचं घर हायवेपासून आत, ओढ्याच्या काठी. ओढा कोरडा, पण विहिरीला पाणी गोड. अंगण शेणाने असं सारवलेलं की चप्पल काढूनच उभं राहावंसं वाटतं. यजमान जाऊन बरीच वर्षं झाली. मुलगा वापीला कंपनीत, शनिवारी येतो. सुमनताई भाऊंसारख्याच शिडशिडीत, पण बोलण्यात भाऊंचं उरलेलं सगळं यांच्या वाट्याला आलेलं. आम्हाला बघून त्या आधी कॅनकडेच धावल्या, आणि दोन्ही हातांनी तो असा घेतला की आम्ही दोघं नुसते हमाल.

"आलं माझं पाणी! भाकर खाल्ली का गं काशिनाथने? दादा कसा हाय? आणि हे तुझे आप्पा ना? या, बसा, बसा."

तांदळाची भाकरी, सुक्या जवळ्याची चटणी आणि कैरीचं सार असं जेवण झालं. मी जवळा दोनदा मागून घेतला. जेवताना मी विचारलं, "ताई, मीठ काय, तलासरीच्या दुकानातही मिळतं. मग एवढा कॅन लांबून कशाला?"

"मीठ मिळतं हो," त्या म्हणाल्या. "पण दर वर्षी दुकानदार येतो का माझ्या घरी? या पाण्याच्या निमित्ताने माहेरचं माणूस येतं. आई गेली तेव्हा मला वाटलं, आता संपलं. पण दादाने चुकवलं नाय." मग जरा थांबून म्हणाल्या, "यंदा बी गेलं तर पाणी तरी कशाला येईल?"

हे हसतच म्हणून त्यांनी मला न मागता आणखी एक भाकरी वाढली.

उन्हं कलली तशी त्यांनी अंगणात मोठं घंगाळ मांडलं. कडेला हळदी-कुंकवाची बोटं ओढली. कॅन ओतला. मग आतून टोपली आणली. एकच टोपली. आत तांबूस भात, लांब कुसळं एकमेकांत गुंतलेली. त्यांनी ओंजळ भरली, डोळ्यांना लावली आणि घंगाळात सोडली.

सगळं बी वर तरंगलं.

"हवा धरते, ढवळलं का बसतं," असं म्हणत त्यांनी हाताने ढवळलं. पुन्हा ढवळलं. बी पाण्याबरोबर गोल फिरलं आणि पुन्हा वर येऊन थांबलं. त्यांनी दुसरी ओंजळ टाकली. तीही वर. खाली चार-दोन दाणे गेले असतील. कोंबड्या जवळ येऊन माना वाकड्या करून बघत होत्या. पोचट भात दर वर्षी त्यांचाच असतो.

सुमनताईंचं बोलणं बंद झालं. इतका वेळ ज्या बाईला मी पूर्णविराम घेताना पाहिलं नव्हतं, ती घंगाळापाशी खाली बसली आणि पाण्याकडे बघत राहिली.

"सगळंच पोचट," त्या म्हणाल्या. "आईचं बी मी घालवलं."

मी तसा कोरडा माणूस आहे. डेअरीत रडणारी माणसं रोज बघितली की डोळ्यांना घट्टे पडतात. पण ते वाक्य ऐकून मी घंगाळाजवळ सरकलो. त्यांनी सूप उचललं, वरचं बी कोंबड्यांना काढून टाकायला. मी ते सूप धरलं.

"ताई, थांबा. बी बघण्याआधी पाणी बघू."

पिशवीतून नळी काढली आणि उंच पेल्यात पाणी घेऊन आत सोडली. ती उभीच राहिली नाही. वर उसळली, कलंडली आणि दुपारी तळ्यात म्हैस पसरते तशी पाण्यावर आडवी पडून राहिली. एवढं दाट दूध मी जन्मात पाहिलं नव्हतं. असतं तर आमच्या गावाने त्याचं देऊळ बांधलं असतं. अश्विनीने धावत जाऊन घरातून अंडं आणलं आणि घंगाळात सोडलं. बुडायचं सोडून ते निम्मं पाण्याबाहेर येऊन डुलायला लागलं.

"हा समुद्र नाही," मी म्हणालो. "यात कुणीतरी मीठ घातलंय."

अश्विनी लालबुंद झाली.

"मी घातलं, आप्पा. तुम्ही पातळ म्हणालात ना. म्हटलं, आत्यांचं पहिल्यांदाच नेतेय मी, आणि तेच कमी पडायला नको. नारळाच्या पोत्यातलं एक तांब्या घातलं, संध्याकाळी, कुणाला न सांगता."

"एका तांब्याने एवढं होत नाही, बाळ."

तेवढ्यात तिचा फोन वाजला. नलिनीबाई. तिने फोन मोठ्या आवाजावर ठेवला. नलिनीबाई हळू बोलत होत्या, कुणी ऐकेल अशा धाकाने. "पोचलात का? बी धुतलं का? ऐक, सुमनवन्संना सांगू नकोस, पण मी कॅनमध्ये जरा मीठ घातलंय. दीड-दोन तांबे. पातळ पाणी पाठवलं असं व्हायला नको म्हणून. भाऊंना पण सांगू नकोस, ते म्हणतील समुद्रात कुणी मीठ घालतं का?"

अश्विनीने "बरं आई" म्हणून फोन ठेवला. आणि मला त्याच क्षणी भर उन्हातला तो कॅन आठवला. पातळ काहीच नव्हतं! तापलेलं काहीही मोजलं तर नळी कमीच दाखवते. नमुना आधी निववून घ्यायचा, हे मी डेअरीत नवीन पोरांना कान धरून शिकवायचो. चिखल्याचा समुद्र चांगला होता, काशिनाथचा शब्द चांगला होता. तापला होता तो फक्त कॅन, आणि माझं डोकं. मी हे ताईंना सरळ सांगून टाकलं.

त्यांनी ऐकून घेतलं की नाही, कुणास ठाऊक. त्या उठल्या होत्या आणि पदर खोचत होत्या. "मग आता काय करायचं ते सांगा. बी खाऱ्यात फार ठेवत नाय."

आम्ही आधी तरंगणारं बी भराभर सुपात काढून घेतलं, एक दाणाही कोंबड्यांना न देता. मग ताई विहिरीवरून घागर आणायच्या, अश्विनी ओतायची आणि मी पेल्यात नळी सोडायचो. पहिल्या घागरीला नळी आडवीच. दुसरीला डोकं उचललं. घंगाळ भरलं, अर्धं पाणी अंगणाबाहेर ओतून दिलं, पुन्हा घागरी सुरू. नळी कलती उभी राहिली, मग सरळ, मग हळूहळू खाली उतरू लागली. चाळिसाचा आकडा पाण्याला लागला तेव्हा अश्विनीने टाळ्या वाजवल्या. मी तिला दटावलं, कारण आकडा वाचताना मला आवाज चालत नाही. तीस. अजून थोडं. पंचविसाच्या जरा वर नळी येऊन थांबली, हलेना. पेला मी सावलीत धरला होता, हे सांगायला नकोच.

"आता टाका, ताई. हा चिखल्याचा समुद्र."

त्यांनी सुपातलं बी सोडलं. ढवळलं. आणि थांबल्या. पाणी फिरत होतं, त्याबरोबर बीही. काही दाणे बाजूला जमू लागले, फेसासारखे, वरच. बरेच होते. पाणी मातकट झालं होतं. तळ दिसत नव्हता.

सुमनताईंनी हाताने वरचं बी बाजूला सारलं आणि कोपरापर्यंत हात आत घातला. तळाशी हात फिरत राहिला. त्यांचं तोंड आमच्याकडे होतं, पण त्या आम्हाला बघत नव्हत्या.

"हाय," त्या म्हणाल्या. मग मोठ्याने, "हाय गं अश्विनी, हाय!"

मूठ वर आली. भरलेला, टपोरा, लाल दाणा, बोटांमधून पाणी गळत होतं. अश्विनीने त्यांना मिठी मारली. मी विहिरीकडे तोंड करून उभा राहिलो. म्हटलं, रहाट जरा बघावा. खरं सांगायचं तर रहाटात बघण्यासारखं काहीच नव्हतं.

टोपलीतल्या उरलेल्या बियाचंही तसंच केलं. खाली बसलेलं सगळं गोड पाण्यात तीनदा धुऊन, ओसरीवर सावलीत पसरलं. निम्मं पोचट निघालं होतं. पाऊस काही खोटा नव्हता. उरलं ते अर्धी टोपली. एका छोट्या राबापुरतं, म्हणजे रोपांच्या वाफ्यापुरतं. तरी सुमनताई त्याच्याभोवती अशा फिरत होत्या की जणू धान्याचं कोठार पसरलंय. बोलणं तर दुप्पट वेगाने परत आलं होतं. वहिनीने मीठ घातलं, सुनेने मीठ घातलं, हे त्या मला पुन्हा पुन्हा सांगत होत्या, मी तिथे नव्हतोच असं समजून. "माझ्यासाठी," त्या म्हणत. "दोघींनी. एकमेकींना न सांगता!"

दिवेलागणीच्या सुमाराला त्यांचा फोन वाजला. ओल्या हाताने त्यांनी तो अश्विनीला धरायला लावला. भाऊ होते.

"सुमे."

"बोल दादा."

"पाणी कसं होतं?" भाऊंचा आवाज नेहमीपेक्षा खाली होता. "पातळ नाय ना लागलं? तसं मी, हे निघताना... जरासं..."

सुमनताईंचे डोळे भरून आले आणि खांदे हसण्याने हलायला लागले, दोन्ही एकाच वेळी. त्यांनी मान वळवून ओसरीवरच्या त्या पसरलेल्या, अर्ध्या टोपलीएवढ्या बियाकडे पाहिलं.

"काय जरासं, दादा?"

"काय नाय."

"पाणी एकदम बरोबर होतं. आई पाठवायची तसंच. आणि बी भरपूर हाय रे, खूप हाय. तू तुझा खालचा तुकडा पुढल्या वर्षी मोकळा ठेव. मी पाठवीन तुला पेरायला."